बटणांचा डबा

कीथलीच्या धर्मादाय दुकानात मी मंगळवारी पिशव्या सोडते.
गेलेल्या माणसांचे कपडे येतात,
काहींची घडीही मोडलेली नसते.
खिसे तपासायचे, हे एनिडनं शिकवलेलं.
रुमाल, गोळ्यांची पाकिटं, बसची तिकिटं,
एकदा कवळी.

त्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला.
आत बटणं: शिंपल्याची, हाडाची, पितळी,
आणि तळाशी फडक्याच्या गाठीत
एक काळा क्रूस, चांदीच्या कडेचा,
पांढऱ्या फितीचा पिवळा पडलेला तुकडा अजून कडीत.
मधोमध लाल फुली.
ती तेवढी ओळखीची. मिरजेत शिकताना
आमच्या औषधपेटीवर तीच होती,
वरचा रंग टवके उडालेला.

मागे मुकुट, दोन अक्षरं,
अठराशे सत्तर, अठराशे एकाहत्तर.

लीड्सचा लिलाववाला फोनवर म्हणाला, जर्मन आहे.
लढाईत जखमींची शुश्रूषा केलेल्या बायकांना मिळायचा.
साठ-सत्तर पौंड येतील.
पूर्ण नाव: स्त्रिया आणि कुमारिकांसाठी गुणवत्तेचा क्रूस.
मला हसू फुटलं. एनिड म्हणाली, काय गं?
तिला कसं सांगू, आमच्याकडेही
सौ. की कु. ते आधी ठरतं,
बाई मागाहून येते.
आणि जिचा नवरा त्याच लढाईत पडला
तिनं कुठल्या रकान्यात उभं राहायचं?

पिशवीवर नाव होतं मिस ब्रँड.
एनिडला तिच्या आईकडून ठाऊक:
आधी ते ब्रँडेस होते, डुकराच्या मांसाचं दुकान,
सॉसेज घ्यायला शनिवारी रांग लागायची.
चौदा साली त्याच रांगेतल्या लोकांनी काचा फोडल्या.
मग नावाचं शेपूट कापलं,
आणि आजीचा क्रूस बटणांत बटण होऊन बसला,
शंभरावर वर्षं, गुमान.

तिचं नाव ओटिलिए होतं, असं मी ठरवलं.
शौर्याबिर्याचं मला काही ठरवता येईना.
मला दिसल्या त्या बादल्या.
चुन्यात भिजवलेल्या चादरी,
कोपरापर्यंत सोललेले हात,
कापलेला पाय कुठे नेऊन ठेवायचा
हे कुणी न सांगितलेली एकवीस वर्षांची पोर.
भाषेचं म्हणाल, तर एअरडेलच्या वॉर्डात
मी चौतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या.
पोलिश, पंजाबी, इथलेच यॉर्कशरचे,
पहाटे तीनला सगळे एकाच बाईला हाका मारतात,
आणि ती कधीच तिथे नसते.
असते ती सिस्टर.

माझ्याही छातीवर डाव्या बाजूला एक होतं.
घड्याळ. उलटं टांगलेलं,
समोरच्याला वाचता येऊ नये असं,
खाली मान घातली की मला सुलटं.
त्यावर मी नाड्या मोजल्या
आणि काहींची शेवटची वेळ लिहिली.
क्रूसाचं तोंड मात्र बाहेर.
घालणारीला तो आरशातच दिसणार,
तोही उलटा.

करोनानंतर आम्हालाही एक बिल्ला आला होता,
टपालानं, बुडबुड्यांच्या पाकिटात.
तो कुठे आहे, खरंच आठवत नाही.

एनिडनं किमतीचं यंत्र उचललं. किती लावू?
मी म्हटलं, डब्याचे लाव, बटणांचे.
तिनं दोन पौंडांची चिठ्ठी चिकटवली
आणि चहा टाकायला मागे गेली, जरा जास्तच वेळ.
मी सत्तर पौंड गल्ल्यात टाकले,
फडक्याची गाठ पुन्हा मारली.

शनिवारी एका मुलीनं डबा घेतला.
निळे केस, नखांत रंग,
म्हणाली, गोधडी शिवतेय, खूप बटणं लागतात.
म्हटलं, तळातली सांभाळून वापर.
हो म्हणाली, पण तिच्या कानांत गाणं चालू होतं.

दारावरची घंटी वाजली.
मग बराच वेळ, उतारावरून बसथांब्याकडे जाताना,
तो डबा.